लोणच्याच्या बरणीची जागा

मु. वलगाव, ता. अमरावती
(घरून नव्हे, मळ्यातून)
फाल्गुन शुद्ध पंचमी, सन १९३७

रा. रा. पंजाबरावजी यांना वलगावच्या मळ्यातल्या खोपडीतून शालिकरामचा दोन्ही हात जोडून रामराम.

हे पत्र हाती पडेल तेव्हा आपण सर्व मंडळी खुशाल असाल, मोर्णेकाठची वांगी धरली असतील, थंडी सरल्यामुळे गोदावहिनींचा गुडघा नरम पडला असेल, आणि अकोल्याच्या जुन्या शहरात आपल्या फुलांच्या दुकानासमोर रोज येऊन झेंडूच्या टोपलीत तोंड घालणारा तो बैल एव्हाना कोणाच्या तरी मालकीचा निघाला असेल, अशी आशा करतो. इकडे सर्व ठीक आहे. संत्री उतरवून झाली. विहिरीला पाणी आहे. माझी थोरली बहीण पार्बताबाई, जी गावातच वेगळ्या घरी राहते, माझ्याशी दिवसातून दोनदा बोलते, भाकर आणून देताना सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, आणि दोन्ही वेळा तेच एक वाक्य बोलते (ते वाक्य पुढे येईल, आताच लिहिले तर पुढचे पत्र लिहायला मन राहणार नाही). तुमच्या भगिनी सौ. सत्यभामा आमच्या घरून निघून तुमच्याकडे आल्या त्याला आज बावीस दिवस झाले, हा विषय या पत्रात नाही. मी तो काढणार नाही. मी तुमच्या घरचा जावई आहे, आणि जावयाने कोणते विषय काढायचे नसतात ते मला समजते.

पत्र लिहिण्याचे कारण इतकेच की आमच्या नियोजित प्रवासाबद्दल तुमच्या कानावर एकच बाजू गेलेली असणार. दुसरी बाजू सांगायला माणूस हवा, आणि तो मीच आहे. म्हणून मुळापासून लिहितो. सवडीने वाचावे.

अमरावतीच्या एका कापूस-प्रेसवर जो गोरा साहेब होता, ज्याच्या बंगल्यावर मी अकरा वर्षे भाजी आणि फुले पोचवली, तो इंग्रज नव्हता हे तुम्हाला ठाऊक नसेल. तो स्वित्झर्लंडचा. (हा देश विलायतेच्या अलीकडे लागतो. शेती कमी, डोंगर फार, गाई पुष्कळ.) गेल्या दिवाळीत तो कायमचा मायदेशी निघाला तेव्हा मी शेवटची टोपली घेऊन गेलो. त्याने माझा हात हातात घेतला आणि आपल्या मराठीत म्हणाला, "शालिकराम, कधी आमच्याकडे ये. डोंगर दाखवतो." आता पुण्याकडचा माणूस असता तर "हो हो, अवश्य" म्हणून घरी जाऊन झोपला असता. तिकडे "या एकदा" हे वाक्य दार लावता लावता म्हणतात असे मी ऐकून आहे. पण आपल्या वऱ्हाडात कोणी ये म्हटले आणि आपण गेलो नाही तर तो समोरच्याचा अपमान होतो, आणि अकरा वर्षे माझी वांगी खाल्लेल्या माणसाचा अपमान माझ्या हातून होणे नाही. शिवाय त्याने जाताना आपली जुनी मोटारही मला देऊन टाकली. ती दोन वर्षांपासून बंगल्यामागे उभी होती आणि तिच्यावर भोपळ्याचा वेल चढलेला होता. वेलासकट घेऊन जा म्हणाला. मागच्या आसनावर एक सात शेराचा भोपळा निघाला. ज्या गाडीने न चालता एवढे दिले ती चालल्यावर काय देईल, असा माझ्या मनात विचार आला. सगळ्याची सुरुवात ती.

साहेबाने मोटारीबरोबर नकाशांचे एक मोठे पुस्तकही दिले होते. ते आम्ही ओसरीवर पसरले. अंतर मोजायला साधन हवे होते, म्हणून सत्यभामेच्या हार ओवायच्या दोऱ्याचे रीळ घेतले. (तिचे नाव आले, पण ते दोऱ्याच्या संदर्भात आले.) तिने वलगाव जिथे असायला हवे तिथे बोट दाबून धरले, कारण त्या पुस्तकात वलगाव छापायचे राहिले आहे, आणि मी दोरा सोडत सोडत बऱ्हाणपूर, इंदूर, ग्वाल्हेर, दिल्ली, लाहोर, पेशावर, तिथून खिंडीने काबूल, मग इराण, तुर्कस्थान, आणि पुढे डोंगरच डोंगर, असा थेट साहेबाच्या गावापर्यंत पोचलो. दोरा भरला साडेतीन वीत. मला हायसे वाटले. पुढे दोन दिवसांनी पुन्हा मोजले तर साडेचार वीत भरले. तेव्हा ध्यानात आले की पहिल्या दिवशी दोरा ओला होता (हार ओवताना भिजवतो तो आपण) आणि मी तो ओढून ताणून धरलेला होता. म्हणजे ताणल्यामुळे एका दिवसात एक वीतभर इराण नाहीसा झाला होता. तेव्हापासून मी कोरड्या दोऱ्यानेच मोजतो. त्या दिवशी ती बोट न हलवता दोन तास बसली होती. मध्येच तिने विचारले, "लय थंडी असन ना तिकडं?" मी म्हटले, असणारच, बर्फ आहे. दुसऱ्या दिवसापासून ती गोधड्या शिवायला बसली. दोन गोधड्या. एक माझी हे उघड होते. दुसरी मी मोटारीची समजलो. थंड देशात रात्री मोटारीचे तोंड झाकावे लागते असे साहेबाचा ड्रायव्हर सांगत असे, आणि न सांगता ही गोष्ट तिच्या ध्यानात आली याचे मला कौतुक वाटले. मी तसे खुशालरावांना बोलूनही दाखवले.

खुशालराव म्हणजे आमच्या शेजारचे, काळ्या जमिनीचे मोठे कास्तकार. तुम्ही त्यांना आमच्या लग्नात पाहिले असेल, पंगतीत दोन पाटांवर बसले होते ते. त्यांच्या आजोबांनी निजामाच्या अमलात कारकुनी केली होती, त्यामुळे घरात फारशीचे कागद आहेत, आणि त्या बळावर त्यांनी इराणची भाषा आपल्याकडे घेतली. (त्यांना फारशी येते का, हे विचारणारा वलगावात कोणी नसल्यामुळे ती येते.) मोटारीच्या अंगाचे सर्व काम भगवंतरावांकडे. ते जिनिंगमध्ये तेलाचे इंजिन सांभाळतात. मोटार त्यांनी आतून कधी पाहिली नव्हती, पण पाहिल्यावर म्हणाले की इंजिन ते इंजिन, याला फक्त चाके जास्त आहेत. असे आम्ही तिघे. मोटारीत जागा चार. चौथ्या जागेबद्दल पुढे येईल.

पासपोर्टाच्या अर्जाने आम्हाला जरा थांबवले. त्यात एक रकाना आहे, तुम्ही कोणाची प्रजा. आता पंजाबराव, तुम्हीच सांगा, वऱ्हाडातल्या माणसाने तिथे काय लिहावे? जमीन कागदोपत्री निजामसाहेबांची, हुकूम इंग्रजांचा, आणि कचेरी नागपूरची. घरच्या ओसरीवर बसल्या बसल्या आपण तीन देशांत असतो, मग प्रवासाची एवढी धडपड कशाला, असे त्या दिवशी क्षणभर वाटून गेले. खुशालरावांनी आजोबांना स्मरून निजाम लिहिले, भगवंतरावांनी इंग्रज लिहिले, आणि मी दोघांना वाईट वाटू नये म्हणून "वलगाव" लिहिले. कारकून भला माणूस होता. त्याने तिन्ही अर्ज शांतपणे वाचले, चष्मा पुसला, पुन्हा वाचले आणि आपल्या हाताने दुरुस्त करून दिले.

एवढ्यात गावात बातमी फुटली आणि निरोपाची जेवणे सुरू झाली. नऊ दिवस आम्ही तिघांनी घरचे अन्न पाहिले नाही. जो तो जेवू घाली आणि काम सांगे. एकाने स्वित्झर्लंडच्या नदीचे पाणी आणायला शिशी दिली. एकाने विचारले की तिथल्या गाई सरकी खातात का, ते बघून या, आणि खात नसतील तर त्यांना काय सांगावे तेही त्याने सांगून ठेवले. शाळामास्तरांनी साहेबाला इंग्रजीत पत्र लिहून दिले की आम्ही तिघे येत आहोत, आमची काळजी करू नये, पीठ आमचे आम्ही आणतो. सत्यभामा त्या नऊ दिवसांत घरी एकटीच जेवत होती आणि शिवत होती. हे मला आता आठवते. तेव्हा आठवायला वेळ नव्हता.

डोंगरांची सवय व्हावी म्हणून निघण्यापूर्वी एकदा चिखलदऱ्याचा घाट चढून यावा असे ठरले. जो चिखलदरा चढला नाही त्याने आल्प्सच्या गोष्टी करू नयेत, हे भगवंतरावांचे म्हणणे मला पटले. परतवाड्याचा रस्ता आमच्या दारावरूनच जातो. पहाटे निघालो, वाटेत लोकांनी हात केले, आम्हीही केले. आसेगावच्या पुढे मोटारीच्या नळातून पाणी गळू लागले. भगवंतराव म्हणाले, घाबरायचे कारण नाही, त्यांना एका ड्रायव्हरने सांगितले आहे की पाण्याच्या टाकीत मूठभर जवस टाकला की तो फुगून गळती बंद करतो. जवस आमच्याजवळ होता, कारण चटणीला लागतो आणि इराणात मिळेल की नाही याचा भरवसा नव्हता. पण ते पोते खुशालरावांच्या मांडीवर, आणि आपल्याकडे कोणाला मूठभर वाढायची पद्धत नाही. त्यांनी तिला पोटभर घातला. दोन मैलांत गळती बंद झाली. तिसऱ्या मैलात वाफ बंद झाली. चौथ्या मैलाला मोटारच बंद झाली. टाकी उघडली तर आत पाण्याचा थेंब नाही, नुसती घट्ट खळ. खुशालरावांनी बोट घालून चाखून पाहिली आणि मीठ कमी आहे म्हणाले. शेवटी दोन बैल जुंपून मोटार परत आणली. सकाळी ज्यांना हात केले होते ते सर्व लोक संध्याकाळी रस्त्यावर हजर होते. त्यांनी विचारले, पाटील, इकडून कुठून? खुशालराव टपाखालून मान बाहेर काढून म्हणाले, "स्वित्झर्लंडहून वापस येऊन राहिलो." एवढ्या लवकर कसे, असे कोणी विचारले, तर म्हणाले, "जवळच हाये. बैलानं गेलं तर."

मोटारीचे पोट साफ करायला भगवंतरावांनी महिना मागितला. आणि नेमका मुहूर्त येऊन ठेपला. आमच्या जोशीबुवांनी पश्चिमेला लांबच्या प्रवासाचा साऱ्या सालात एकच मुहूर्त काढून दिला होता, माघातला, आणि तो पुढच्या गुरुवारी. आता मुहूर्त आहे आणि वाहन नाही, अशा वेळी आपले वाडवडील काय करत? प्रस्थान ठेवत. तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि प्रवाशाच्या अंगावरचे एक वस्त्र यांची पुरचुंडी बांधून ती जायच्या दिशेला, शिवेपलीकडे, आपल्या माणसाच्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे प्रवास सुरू झाला, माणूस मागून सवडीने निघतो. फक्त एकच पथ्य, की प्रस्थान गेल्यावर प्रवाशाने आपल्या घराचा उंबरा पुन्हा ओलांडायचा नाही. वलगावच्या पश्चिमेला ज्यांची घरे आहेत त्यांच्याशी पाटाच्या पाण्यावरून माझे बोलणे नाही. म्हणून मी पुढे पुढे बघत गेलो, तो पश्चिमेला आपले म्हणावे असे पहिले घर लागले ते अकोल्याला, तुमचे. आणि पुरचुंडी न्यायला घरचे माणूस हवे, ते सत्यभामा. ती आनंदाने तयार झाली. बडनेऱ्याहून तिला गाडीत बसवून दिले. दोन्ही गोधड्या तिने बरोबर घेतल्या. मी म्हटले, त्या कशाला नेतेस, मोटार इथे आहे. ती नुसती हसली. (ती वाटेत तुमच्याकडे थांबून पुढे आमच्यात सामील व्हायच्या तयारीने निघाली होती, हे समजायला मला तुमचे कार्ड यावे लागले.)

आता पंजाबराव, चूक कुठे झाली ते लिहितो, आणि ती माझीच झाली हे कबूल करतो, पण तिचे स्वरूप ध्यानात घ्यावे. पुरचुंडी बांधताना आत तांदूळ सांडू नयेत म्हणून मी कागद लावला. हाताशी जो आला तो लावला. तो मोटारीतल्या जागांच्या यादीचा निघाला. तुम्ही पुरचुंडी देवळीत ठेवायला घेतली, कागद पाहिला, आणि गोदावहिनी व ती समोर बसलेल्या असताना मोठ्याने वाचलात. जागा पहिली, शालिकराम. जागा दुसरी, भगवंतराव. जागा तिसरी, खुशालराव. जागा चौथी, ज्वारीचे पीठ, तेलाचा डबा आणि आंब्याच्या लोणच्याची बरणी.

त्यावर ती काय म्हणाली ते तुम्ही कार्डावर जसेच्या तसे कळवलेत, त्याबद्दल आभारी आहे. "लोणच्याच्या बरनीले जागा हाये अन् लोणचं घालनारीले नाई. त्याले म्हना, आता बरनीलेच घेऊन जा." एवढेच. पुढे तुम्ही लिहिलेत की ती रडली नाही, भांडली नाही, उठून तुमच्या दुकानात गेली आणि हार ओवायला बसली, आणि अजून बसलेलीच आहे. तुमचा धंदा त्यामुळे वाढला असेल तर मला आनंदच आहे.

माझी बाजू अशी. बरणी चिनी मातीची आहे. ती मांडीवर घेता येत नाही, पायाशी ठेवता येत नाही, मागे बांधता येत नाही. तिला आसनच लागते. माणूस कुठेही मावते असा माझा समज. सत्तावीस वर्षांत तिने कधी जागा मागितली नाही, आणि मी कधी विचारले नाही, त्यामुळे ती आहेच असे धरून चालण्याची सवय झाली. यादीत माणूस पायाखालची जमीन लिहीत नाही, तसे. (हे वाक्य मी पार्बताबाईला वाचून दाखवले. ती म्हणाली की जमीन सात-बाराला लिहितात, आणि चुलत्याच्या नावे झाली की माणसाला शोध लागतो. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.)

गोष्ट गावात पसरली. ती कशी पसरली ते माहीत नाही. कार्ड उघडे असते आणि पोस्टमन आमच्या गावचाच आहे, याहून जास्त मी बोलत नाही. खुशालरावांच्या मैनाबाईने त्यांना ताटावर बसवून विचारले की आपल्या घरात माझी जागा कितवी, आणि उत्तर येईपर्यंत दुसरी भाकर टाकली नाही. त्या दिवशी खुशालराव आयुष्यात पहिल्यांदा एका भाकरीवर उठले, आणि दुसऱ्या दिवशी इराणची भाषा त्यांनी मला परत केली. भगवंतरावांच्या जमुनाबाईने पाने-हातोड्यांची पेटी लपवून ठेवली आहे. त्यामुळे मोटार इथे मळ्यात अजून उघडीच आहे, आणि तिच्या पुढच्या आसनावर आमच्या तांबड्या कोंबडीने अंडी घातली आहेत. सध्या मोटारीत पक्की बसलेली ती एकटीच.

आणि मी मळ्यात. प्रस्थान गेले, उंबरा ओलांडायचा नाही. जोशीबुवांना विचारले तर ते म्हणाले, सामान्य माणसाचे प्रस्थान पाच दिवस टिकते, मांडलिकाचे सात, राजाचे दहा. पाच दिवस झाले तेव्हा मी स्वतःला मांडलिक धरले. पाटाचे पाणी माझ्या विहिरीवरून जाते, तेवढा अधिकार चालावा. सात झाल्यावर राजा झालो. दहा झाल्यावर वर चढायला हुद्दाच उरला नाही. आता बावीस झाले. जोशीबुवा म्हणतात की हे मोडायला उपाय एकच, ज्या हाताने प्रस्थान गेले त्याच हाताने ते परत आणून उंबऱ्याच्या आत ठेवावे. दुसऱ्या कोणाचा हात चालत नाही, तुमचा नाही आणि माझाही नाही. तेव्हा ध्यानात घ्यावे की सत्यभामेने परत यावे असे जे मी लिहीत आहे ते केवळ शास्त्र म्हणून लिहीत आहे. माझ्या मनाचा त्यात काही संबंध नाही.

पार्बताबाईचे वाक्य राहिले. ते असे: "देवाचा रथ केवढा होता मले माहीत नाई, पन त्यानं रुक्मिणीले जागा करून देल्ली होती." रुक्मिणीचे माहेर कौंडण्यपूर आमच्यापासून दूर नाही आणि दरसाल ती यात्रेला जाते, त्यामुळे तिला हा दाखला सुचला. मी तिला म्हटले, देवाच्या रथात पिठाचे पोते नव्हते. ती म्हणाली, हेच तर सांगून राहिले.

काल साहेबाचे उत्तर आले. मास्तरांनी ते मळ्यात येऊन वाचले. साहेब लिहितो की तुम्ही येणार हे वाचून फार आनंद झाला, पण आषाढापर्यंत रस्ते बर्फाखाली आहेत, तेव्हा पावसाळ्याच्या सुमारास या. तीन माणसे येणार म्हणता, त्यातली दोन म्हणजे तुम्ही आणि तुमच्या बाई हे मी समजलो, तिसरे कोण? बाईंची खोली पत्नीने काढून ठेवली आहे, खिडकीतून डोंगर दिसतो. त्यांना सांगा की त्यांच्या लोणच्याची आठवण घरात रोज निघते. मास्तरांनी वाचून झाल्यावर कागदाची नीट घडी केली आणि सायकलवर बसून निघून गेले. साहेब परका माणूस, परक्या देशात बसून त्याने आमच्या घरातली माणसे मोजली आणि ती बरोबर मोजली. मला फार वाईट वाटले, पंजाबराव. हे मी तुमच्याजवळ लिहितो, इतर कोणाजवळ बोलणार नाही.

असो. पत्र लांबले. चुकले-माकले पोटात घालावे. गोदावहिनींना रामराम सांगावा, गुडघ्याला एरंडाचे पान बांधायला सांगावे. त्या बैलाचे काय झाले ते जरूर कळवावे. एक टोपली संत्री रेल्वेने पाठवली आहे, वरच्या थरातली तुमच्या घरची, खालच्या थरातली गोड आहेत, ती कोणाला द्यायची ते तुम्हाला समजेल.

तुमच्या आशीर्वादाची वाट पाहणारा, तूर्त कोणत्याही देशाची प्रजा नसलेला,
शालिकराम

ता. क. – वर शास्त्राचे लिहिले आहे ते खरे आहे, तरी एक गोष्ट लपवून ठेवणे बरे नाही. मी तिसऱ्याच दिवशी घरात गेलो होतो. दिवसाढवळ्या, उंबरा ओलांडून. काही झाले नाही. कोणी मेले नाही, छप्पर पडले नाही. चुलीपाशी पाट होता तिथे बसलो, पाणी प्यालो. दोन खोल्या फिरलो. मग बोलायला कोणी नाही असे पाहून परत मळ्यात आलो. इथे निदान कोंबडी आहे. तेव्हापासून शास्त्राचे नाव सांगत असतो.

ता. क. दुसरी – मोटार दुरुस्त होईल की नाही, देव जाणे. पण आमची दमणी चांगली आहे आणि बैल चिखलदऱ्याचा रस्ता ओळखतात. दमणीत दोनच माणसे बसतात. पिठाचे पोते मी मागे बांधीन. स्वित्झर्लंडचे आषाढात बघू. आधी तिला आपल्याकडचा एखादा डोंगर तरी दाखवावा असे मनात आहे. सत्तावीस वर्षांत तिने काय काय पाहिले याची काल मी मोजदाद केली. कौंडण्यपूरची यात्रा आणि अकोला, एवढ्यावर संपली.

ता. क. तिसरी आणि शेवटची – पंजाबराव, हे पत्र तुम्हाला नाही. तुम्हाला राग येणार नाही असे समजून लिहितो. ती दुकानात हार ओवत असेल तेव्हा तिच्यासमोर बसून हे पहिल्यापासून मोठ्याने वाचा. मध्ये समजावून सांगू नका, माझ्या बाजूने एक शब्द बोलू नका. फक्त वाचा, आणि ती ज्या ओळीला हसेल त्या ओळीखाली रेघ ओढून पत्र मला परत पाठवा. माझी भीड म्हणून खोटी रेघ ओढू नका. ती कशाला हसते ते मला ओळखू येते. एकच रेघ असली तरी चालेल. बाकीचे पत्र मी पुन्हा लिहीन.